गाओकाओ इंग्रजी: गाओसानच्या मुलांसाठी रीडिंग कॉम्प्रिहेन्शनची टेस्ट कशी बनवायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत

चार उतारे शोधले, खाली प्रश्न टाकले, प्रत्येकाला चार पर्याय लिहिले की झाली टेस्ट, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा चीनमधल्या बारावीच्या वर्गात, म्हणजे तिकडच्या गाओसानला, अशी टेस्ट देऊन बघावी. पोरं अर्ध्या वेळात पेपर ठेवून मोकळी होतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी उतारा धड वाचलेलाच नसतो. ही मुलं वर्षानुवर्षं पर्यायवाले प्रश्न सोडवत आलेली असतात, त्यांच्यात एक तुकबंदीच फिरते की तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड निवडा, तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब निवडा, आणि काहीच कळलं नाही तर सी ठोका. आता असल्या तुकबंदीवर मार्क मिळत असतील तर चूक पोरांची नाही, पेपर काढणाऱ्याची आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो, या कामात उतारा शोधायला जितका वेळ जातो त्याच्या दुप्पट वेळ चुकीचे पर्याय लिहायला गेला पाहिजे, बाकी सगळं त्यामानाने सोपं आहे.

ज्यांना हा पेपर माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडा नकाशा. गाओकाओ म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, 7 आणि 8 जूनला असते (काही प्रांतांत एक-दोन दिवस पुढेही चालते), 2024 ला 1 कोटी 34 लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीचा पेपर 8 जूनला दुपारी 3 ते 5, मार्क 150. ग्वांगदोंग, शानदोंग, च्यांगसू, हुनान असे बरेच मोठे प्रांत नवीन पद्धतीचा पहिला राष्ट्रीय पेपर वापरतात, मी इथे तोच धरून चाललोय, बीजिंग, शांघाय आणि थ्येनचिन यांचे पेपर वेगळे असतात. तर या पेपरात लिसनिंग 30 मार्क, रीडिंग 50, मग गाळलेल्या जागा आणि ग्रामर मिळून 30, आणि रायटिंग 40. रीडिंगचे 50 म्हणजे एक तृतीयांश पेपर. त्यात दोन भाग आहेत, पहिल्यात ए, बी, सी, डी असे चार उतारे, एकूण 15 प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क. दुसऱ्यात एक उतारा ज्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात आणि खाली सात वाक्यं दिलेली असतात, त्यातली योग्य पाच जागेवर बसवायची, तिकडे याला सातातून पाच म्हणतात. इथेही प्रत्येकी अडीच.

आपल्या बारावीच्या अॅक्टिव्हिटी शीटमध्ये उतारा वाचून उत्तर लिहावं लागतं, पोरगं काय समजलंय ते चुकतमाकत का होईना स्वतः मांडतं, तपासणाऱ्याला अंदाज येतो. इथे तसं काही नाही, 2बी पेन्सिलने एक चौकोन काळा केला की विषय संपला. मुलाला काय समजलं हे तुम्हाला फक्त त्याने निवडलेल्या पर्यायावरून कळणार.

आधी ठरवा टेस्ट कशासाठी आहे

गाओसानचं वर्ष उजळणीतच जातं. पहिली फेरी सगळ्यात लांब, सगळा अभ्यासक्रम परत, दुसरी फेरी साधारण चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर, त्यात प्रश्नप्रकारानुसार सराव, आणि शेवटच्या फेरीत नुसते पूर्ण पेपर. मधेमधे मासिक टेस्ट आणि पहिली, दुसरी, तिसरी मॉक. पहिल्या फेरीत असाल तर पूर्ण संच बनवू नका, दोन उतारे आणि आठ प्रश्न पुरे, आणि एकाच प्रकारच्या प्रश्नांवर भर द्या. मॉकसाठी मात्र आराखडा हुबेहूब हवा, म्हणजे ए ला 3 प्रश्न, बी, सी, डी ला प्रत्येकी 4, आणि प्रश्नांचे नंबर सुद्धा 21 पासून 40 पर्यंत, कारण पहिले 20 लिसनिंगचे. हे फालतू वाटेल पण उत्तरपत्रिकेवर नंबर चुकीच्या ओळीत रंगवणारी मुलं असतात, ती सवय मॉकमध्येच मोडायची.

एक कायदेशीर गोष्ट. जुलै 2021 ला चीनने क्लासेसवर जे निर्बंध आणले त्यात परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवणी घ्यायला क्लासेसना बंदी घातली. तेव्हा पुण्यात बसून तिकडच्या मुलांची ट्यूशन घेऊ असा कोणाचा विचार असेल तर आधी नीट चौकशी करा. तिकडे शाळेत असलेल्या शिक्षकांबरोबर मिळून काम करणं बरं, आणि त्याचा खरा फायदा पुढे सांगतो.

उतारा निवडणं

चारही उताऱ्यांचे स्वभाव ठरलेले आहेत. ए म्हणजे माहितीपत्रक, दर, वेळा, नियम. बी मध्ये बहुतेक वेळा एखाद्या माणसाची गोष्ट. सी आणि डी माहितीपर, डी सगळ्यात जड आणि त्यात बरेचदा एखादं संशोधन. 2023 चा पेपर बघा म्हणजे लक्षात येईल, ए ला अॅमस्टरडॅममधल्या भाड्याच्या सायकली, बी ला झाडं आणि छोटे जीव वापरून सांडपाणी साफ करणारे जॉन टॉड, सी ला फोन-इंटरनेटचा वापर कमी करण्यावरच्या एका पुस्तकाची ओळख, आणि डी ला गर्दीचं शहाणपण, म्हणजे पुष्कळ लोकांच्या अंदाजांची सरासरी एकेकट्याच्या अंदाजापेक्षा बरोबर का निघते. 2024 ला तर सी उतारा कागदावर वाचलेलं जास्त समजतं की स्क्रीनवर यावरच होता, परीक्षा काढणाऱ्यांनाही विनोदबुद्धी असते म्हणायची.

उतारा खऱ्या इंग्रजी वृत्तपत्रातून, मासिकातून, विज्ञानाच्या बातम्यांतून घ्या आणि मग कापा, साधारण 300 ते 350 शब्द. कापताना वळणं कापू नका. लेखक आधी एक म्हणतो मग "बट" करून वळतो, किंवा एखादा तज्ज्ञ शंका काढतो, ही वळणं म्हणजेच प्रश्न काढायच्या जागा, आणि नवखा माणूस नेमकी तीच "सोपं करायला" म्हणून उडवतो. आजकाल बरेच जण एआयला सांगून उतारा लिहून घेतात. व्याकरण छान असतं, शब्दही पातळीचे असतात, पण त्यात सगळी वाक्यं सारख्याच वजनाची येतात, कोणी कोणाशी असहमत होत नाही, सगळ्यांचं सगळं चांगलंच होतं, आणि मग चौथा प्रश्न काढायला जागाच सापडत नाही. मी तरी खरा मजकूर कापण्याच्याच बाजूने आहे.

आणि विषय असा नको की मुलाला आधीच सगळं माहीत आहे. पांडा, चहा, हायस्पीड रेल्वे यावरचे प्रश्न गाओसानचं पोरगं उताऱ्याशिवाय सोडवेल. उलट क्रिकेटवरचा उतारा दिलात तर तो अख्ख्या वर्गाला सारखाच परका, तिथे इंग्रजी बाजूला राहील आणि विकेट म्हणजे काय यातच सात मिनिटं जातील.

शब्दांचा हिशोब

गाओकाओचे 3500 शब्द म्हणून एक यादी मुलांच्या तोंडी असते, अभ्यासक्रमातही सक्तीचे आणि निवडीचे कोर्स धरून 3000 ते 3200 च्या आसपास शब्द आहेत. उतारा त्या यादीशी ताडून बघा. वाचनावरच्या संशोधनात एक आकडा नेहमी येतो, की मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असले तर माणूस मदतीशिवाय नीट समजून घेतो, म्हणजे 300 शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी शब्द सहाच्या आसपास. जास्त झाले तर काही बदला, आणि जे बदलता येत नाहीत त्यांच्यापुढे कंसात चिनी अर्थ द्या, खऱ्या पेपरातही असाच देतात. फक्त ज्या शब्दाचा अर्थ ओळखायला सांगणार त्याच्यापुढे अर्थ देऊ नका, हसू नका, घाईत असं होतं. यादीतल्या शब्दाला पुढे "अन" किंवा मागे "लेस" लागून बनलेले शब्द मात्र अनोळखी धरू नका, ते मुलांनी ओळखलेच पाहिजेत.

प्रश्न काढणं

प्रश्न लिहायला बसण्याआधी उताऱ्याची प्रिंट घ्या आणि पेनाने खुणा करा, कुठे माहिती आहे, कुठे वळण आहे, कुठे लेखकाचा सूर दिसतो, कुठे शब्दाचा अर्थ आजूबाजूने कळतो. मग प्रश्न शक्यतो उताऱ्याच्या क्रमानेच ठेवा, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या आधी सापडायला नको, आणि शीर्षकाचा किंवा एकंदर मुद्द्याचा प्रश्न शेवटी. चार प्रश्नांत एक सरळ माहितीचा, एक-दोन अनुमानाचे, आणि उरलेला शब्दार्थ, परिच्छेदाचा मुद्दा, लेखकाची भूमिका यातला एखादा. ए उताऱ्यात मात्र सगळे माहितीचे चालतात, तिथे मुलाला फक्त शोधता येतंय का ते बघायचंय, पण एक प्रश्न तरी असा ठेवा ज्यात दोन ठिकाणची माहिती जोडावी लागते, उदाहरणार्थ दोन मोठे आणि एक मूल, तीन तासांची सायकल, एकूण किती.

माहितीच्या प्रश्नातही उत्तर उताऱ्यातल्या शब्दात कधीच लिहू नका. उताऱ्यात "आजारपणामुळे शाळा सुटली" असेल तर पर्यायात "तब्येतीच्या कारणाने शिक्षण थांबलं" असं पाहिजे. खऱ्या पेपरची ही जुनी खोड आहे आणि याच्या उलट खोड फसव्या पर्यायांत असते, तिकडे उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेले असतात. नुसते शब्द जुळवणारं पोरगं बरोबर तिकडे जातं.

चुकीचे पर्याय, इथे बसा जरा वेळ

एक छोटा उतारा मीच रचतो, पेपरात तो इंग्रजीत असेल, इथे मराठीत सांगतो. एका लहान गावातलं वाचनालय पुस्तकांबरोबर ड्रिल मशीन, शिलाई मशीन, तंबू अशा वस्तूही घरी न्यायला देतं. सुरुवातीला लोक म्हणाले, या वस्तू काही परत येणार नाहीत. वर्षाच्या शेवटी हिशोब केला तर हरवलेल्या वस्तूंपेक्षा लोकांनी आपणहून आणून दिलेल्या वस्तू जास्त भरल्या. ग्रंथपाल बाई म्हणतात, लोक येतात ड्रिल न्यायला आणि तासभर बोलत बसतात.

प्रश्न: ग्रंथपालांच्या बोलण्यातून काय सूचित होतं? बरोबर उत्तर: वाचनालयामुळे लोकांची एकमेकांशी ओळख-बोलणं वाढलं. आता तीन चुकीचे पाहिजेत.

पहिला, "लोक नेलेल्या वस्तू परत करत नाहीत". ही उताऱ्यात आहे खरी, पण भीती म्हणून, घडलेली गोष्ट म्हणून नाही. ज्याने सुरुवात वाचली आणि वळण सोडलं तो इथे पडणार. दुसरा, "लोकांनी पुस्तकं वाचणं सोडलं". उताऱ्यात असं काहीच नाही, पण वाचनालय आणि ड्रिल एकत्र ऐकल्यावर डोक्यात येऊ शकणारी गोष्ट आहे, ज्याने उतारा अर्धवट समजून उरलेलं मनाने भरलं तो इथे. तिसरा, "लोकांनी स्वतःच्या वस्तू वाचनालयाला दिल्या". आणि हा खरा मासा आहे, कारण हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, उताऱ्यात स्पष्ट लिहिलंय, फक्त विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही, ग्रंथपाल बाई ते बोललेल्याच नाहीत. हुशार पण घाईतली मुलं इथे अडकतात. चिनी शिक्षक फसव्या पर्यायांना नावं ठेवूनच बोलतात, झांगची टोपी लीच्या डोक्यावर (म्हणजे एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर), काही नसताना काहीतरी उभं करणं, एका तुकड्यावरून सगळ्याचा निष्कर्ष काढणं, आणि मुलांनाही ही नावं पाठ असतात, चूक झाली की कुठली टोपी कुठे गेली ते ती स्वतः सांगतात.

मुद्दा हा की प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तुम्हाला एका ओळीत लिहिता आलं पाहिजे, हा निवडणाऱ्याने काय चुकीचं वाचलं. नाही लिहिता आलं तर तो पर्याय कोणी निवडणार नाही आणि चाराचे तीन, तीनाचे दोन पर्याय उरून नाणेफेक सुरू होते. मी ही ओळ आन्सर कीच्या शेजारच्या कॉलमात लिहितो, पुढे पेपर सांगताना तीच कामाला येते. आणि दुसरं टोक सुद्धा सांभाळा, फसवण्याच्या नादात दोन पर्याय बरोबर होऊन बसतात, मग वर्गात वाद आणि शेवटी सगळ्यांना अडीच मार्क फुकट. "ऑलवेज", "ओन्ली", "नेव्हर" असले टोकाचे शब्द घालून पर्याय चुकीचा करणं म्हणजे आळस, मुलं ते शब्द दिसताच खोडतात.

शब्दार्थाच्या प्रश्नात एक जास्तीची काळजी. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने आलेला असेल तर एक फसवा पर्याय त्याचा पाठ केलेला अर्थच ठेवा, आणि तो शब्द काढून चारही पर्याय त्या जागी ठेवून वाचा, व्याकरणाने सगळे बसले पाहिजेत. शीर्षकाच्या प्रश्नाला एक पर्याय फार मोठा, एक फार लहान, एक बाजूला गेलेला, एवढं पुरतं.

सातातून पाच

हा भाग बनवायला सोपा दिसतो आणि सगळ्यात जास्त इथेच बिघडतो. वाक्य असं काढा की ज्याला दोन्ही बाजूंनी आकडा (अडकवायचा हुक) आहे, मागच्या वाक्यातल्या गोष्टीला "दिस" किंवा "दे" म्हणून धरलेलं आणि पुढच्या वाक्याने त्याचाच शब्द उचललेला. दोन्हीकडून सुटं असलेलं वाक्य कुठेही बसतं. पाच जागांपैकी एखादी परिच्छेदाच्या सुरुवातीला, जिथे वाक्य म्हणजे त्या परिच्छेदाचं शीर्षकच असतं, दोन-तीन मधे, एखादी शेवटी. जास्तीची दोन वाक्यं त्याच विषयावरची हवीत पण त्यांचा एक आकडा तुटका ठेवा, म्हणजे मागे एकवचन आणि वाक्यात "दे" असं काहीतरी. लक्षात ठेवा, इथे एक वाक्य चुकीच्या जागी गेलं की दुसरं आपोआप चुकतं, पोरगं एका चुकीत पाच मार्क घालवून बसतं. म्हणून दोन वाक्यांची अदलाबदल करून उतारा जुळतोय का ते स्वतः करून बघा, प्रत्येक जोडी. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

छापायच्या आधी

उतारा झाका आणि फक्त प्रश्न कोणालातरी सोडवायला द्या. चारात एक या हिशोबाने 15 पैकी तीन-चार बरोबर येणं नशीब, सात-आठ आले तर पेपर गळतोय. मग तिकडच्या शिक्षकाला पूर्ण पेपर आन्सर कीशिवाय सोडवायला लावा, मघाशी म्हटलेला फायदा तो हाच, कारण चिनी शिक्षकाला कुठलं वाक्य त्यांची मुलं चिनी वळणाने उलटं समजतील ते दिसतं, आपल्याला दिसत नाही. मग पर्यायांची लांबी बघा, तुकबंदी चालायला नको, आणि 15 उत्तरांत ए, बी, सी, डी प्रत्येक अक्षर तीन ते पाच वेळा यावं.

घेताना

लिसनिंगची वीसेक मिनिटं गेल्यावर 100 मिनिटं उरतात, त्यात रायटिंगलाच चाळीसेक लागतात, म्हणून रीडिंगच्या पाचही उताऱ्यांना मिळून 35 ते 40 मिनिटं द्या. ए ला चार-पाच, डी ला नऊ-दहा. डिक्शनरी नाही, फोन नाही, आणि जमलं तर दुपारी 3 लाच घ्या, जेवणानंतरच्या सुस्तीत डी उतारा वाचणं हीसुद्धा सवय लागते.

निकाल वाचणं

सरासरी काढून थांबू नका. प्रत्येक प्रश्नाला किती टक्के मुलांनी बरोबर सोडवलं तो झाला त्याचा अवघडपणाचा आकडा, 0.8 म्हणजे सोपा, 0.3 म्हणजे जड, आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, नवीन माणूस हे उलटं वाचतो. मग वरची 27 टक्के आणि खालची 27 टक्के मुलं वेगळी करा. 50 च्या वर्गात साधारण 14-14. समजा वरच्या 14 पैकी 12 जणांनी आणि खालच्या 14 पैकी 5 जणांनी बरोबर सोडवला, फरक 7, भागिले 14, म्हणजे 0.5, हा झाला प्रश्न वरच्या-खालच्या मुलांना किती वेगळं करतो त्याचा आकडा, प्रश्न उत्तम. 0.3 च्या वर ठीक, 0.2 च्या खाली आला तर दुरुस्ती, आणि उणे आला, म्हणजे वरच्यांपेक्षा खालच्यांनी जास्त सोडवला, तर नव्वद टक्के तुमची आन्सर की चुकली आहे किंवा दुसरा पर्यायही बरोबर आहे. मुलांना ओरडायच्या आधी की बघा.

त्यानंतर प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते मोजा. जो पर्याय कोणीच निवडला नाही तो मेलेला, बदला. जो वरच्या गटातल्या पाच-सहा जणांनी निवडला त्यावर वर्गात वेळ घालवा, बाकीचे प्रश्न भराभर सोडून द्या, सगळे 20 प्रश्न ओळीने समजावत बसलात तर डी पर्यंत वर्ग झोपतो. सांगताना उत्तर तुम्ही सांगू नका, ज्याने चुकीचं निवडलं त्याला उताऱ्यात ओळ दाखवायला लावा, बोट ठेवून, आणि मग तुमच्या त्या कॉलमातली ओळ त्याच्या चुकांच्या वहीत त्याच्या हाताने उतरू द्या. चुकांची वही तिकडे जवळजवळ प्रत्येकाकडे असते, पण बहुतेकांनी त्यात नुसता प्रश्न कापून चिकटवलेला असतो आणि खाली लाल पेनाने बी असं लिहिलेलं असतं, त्याचा उपयोग शून्य. पर्याय का निवडला, कुठली ओळ सुटली, एवढंच लिहायचं, दोन ओळी.

आणि प्रश्न, त्याचे दोन्ही आकडे, कुठला पर्याय मेला आणि त्याजागी काय घातलं हे सगळं एका एक्सेल फाइलमध्ये टाकत जा, पुढच्या वर्षीचा वर्ग नवीन असतो आणि चांगले प्रश्न परत वापरता येतात, फक्त त्याच शाळेत जसाच्या तसा संच देऊ नका, वरच्या वर्गातल्या मुलांकडून फोटो खाली आलेले असतात.